तायडे काकांचा स्टाफ

तायडे काकांच्या घरी हात धुवायला जायचं तर आधी सूचना ऐकावी लागते. "वंदना, डाव्या कोपऱ्याकडं पानी नको उडवजो. थो ड्युटीवर आहे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, न्हाणीघरात प्लंबर असेल. मी भल्या माणसासारखी दाराबाहेर थांबले. बराच वेळ झाला तरी कोणी बाहेर येईना, तेव्हा काकांनी स्वतः येऊन दाखवलं. नळाच्या वर, आठही पाय पसरून एक कोळी बसला होता. माझ्या तळहाताएवढा. काकांनी रीतसर ओळख करून दिली, "बाथरूम सेक्शन. रोजंदारीवर आहे, पन कामाले चोख."

हात न धुताच मी घरी आले.

काका म्हणजे आमच्या जठारपेठेतल्या गल्लीत, माझ्या घराला भिंत लावून राहणारे निवृत्त सरकारी कर्मचारी. पाटबंधारे खात्यात आस्थापना लिपिक होते. आस्थापना म्हणजे कोणाची बदली, कोणाची रजा, कोणाची बढती हे सगळं ज्या टेबलावरून जातं ते टेबल. साहेब येत आणि जात, टेबल तिथंच. अशा माणसाला शाल-श्रीफळ देऊन घरी बसवलं तर त्यानं बदल्या करायच्या कोणाच्या? बायको वारलेली, एकुलती मुलगी प्रज्ञा लग्न होऊन पुण्याला. घरात मग आल्या पाली. काकांनी त्यांनाच सेवेत घेतलं.

हॉलमधल्या ट्यूबलाइटच्या दोन पाली आणि स्वयंपाकघरातली एक, ह्या परमनंट. कूलरखालच्या ओलीत बसणारा बेडूक सीझनल. समोरच्या तारेवरून झेप घेऊन किडे पकडणारा काळा कोतवाल पक्षी हा फिल्ड स्टाफ, कारण तो कधीच जागेवर सापडत नाही. कोणी पाहुणा आला आणि पालीकडं बघून दचकला, की काका त्यालाच समजावतात, "तुमी काहून भेता? थे तिचं काम करून राहिली, तुमी तुमचा चहा प्या." पाहुणे चहा पितात, पण कपात आधी नीट डोकावून.

मागच्या वर्षी दाराच्या बिजागरीत स्वयंपाकघरातली पाल चेंगरली. काकांचं दोन दिवस जेवणाकडं लक्ष नव्हतं. मग फ्रिजमागून बोटभर पिल्लू निघालं आणि चेहरा खुलला. मला भिंतीवरून हाक मारून सांगितलं, "अनुकंपावर लावली. मायच्या जागी. लहान आहे अजून, डास धरते, झुरळ नाई झेपत. शिकन हळूहळू." आमच्या गल्लीत खऱ्याखुऱ्या अनुकंपाच्या नोकरीसाठी चपला झिजवणारी दोन पोरं आहेत. त्यांना हे कळू दिलं नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर काकांना जीव मारायचा नाही. आम्ही दोघं एकाच विहारात जातो, एकाच सतरंजीवर बसून पंचशील म्हणतो. पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं. मीही मनापासून म्हणते आणि घरी येऊन डासांची कॉइल पेटवते. काका पेटवत नाहीत. पण डास तर मेलाच पाहिजे, कारण आमच्याकडचा डास शील वगैरे काही पाळत नाही. यावर काकांनी अस्सल सरकारी तोडगा काढला. आपण हात लावायचा नाही, काम बाहेरून करून घ्यायचं.

"काका, हे तर सुपारी देऊन खून करनं झालं," मी एकदा विहाराच्या पायरीवरच म्हटलं.

"काहून? म्या कोठी मारलं? थे त्याइचं जेवन होय. जेवनाऱ्याले नको जेवू म्हनू काय?"

वाद भन्तेजींकडं गेला. भन्तेजींनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं, दोघांकडं पाहिलं आणि चहा मागवला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. कीटकभक्षी वनस्पतींचा धडा इतक्या वर्षांत इतक्यांदा शिकवलाय, की घटपर्णी आणि दवबिंदू मी झोपेतही म्हणेन. खरं झाड मात्र एकही पाहिलेलं नव्हतं. माझी चूक एवढीच, की हे मी काकांजवळ बोलले. त्यांनी लगेच प्रज्ञाला फोन लावला. पालीपेक्षा झाड बरं, म्हणून तिनंही उत्साहानं पाठवलं. पंधरा दिवसांत कुरिअरनं व्हीनस फ्लायट्रॅप हजर. काकांनी जाहीर केलं, "पुन्यावरून आलं. प्रतिनियुक्तीवर."

त्या झाडाचे लाड बघून जावयाला हेवा वाटला असता. त्याला नळाचं पाणी चालत नाही, म्हणून इन्व्हर्टरवाल्याकडून बॅटरीत घालायचं पाणी आलं. त्याला अकोल्याचं ऊन सोसत नाही, म्हणून कूलरसमोरची जागा मिळाली. तिथं आधी काका स्वतः बसत. सगळी गल्ली बघायला जमली. एक माशी आली, पानावर बसली, पान मिटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ते पान उघडेचना. काका रोज सकाळी कुंडीशी वाकून विचारत, "झालं का?" आठवड्यानं त्यांचा धीर सुटला. "एक फाईल घेतली का दाबून बसते. आमच्या ऑफिसात याले साहेब केलं असतं!" मे महिन्यात झाड काळं पडलं. काका म्हणाले, "मेडिकल रजेवर गेलं." ते काही परत रुजू झालं नाही.

एवढ्यावर मी हसून मोकळी झाले असते. पण प्रज्ञाला दिवस गेले.

प्रज्ञा लहानपणापासून पालीला भिते. भिते म्हणजे किंचाळत नाही. पांढरीफटक पडते आणि उलटी करते. काकू होत्या तोवर घरात पाल टिकत नसे. त्याही लेकीइतक्याच भित, पण लेकीसाठी धीर करून केरसुणी घेऊन मागं लागत. काकू गेल्या आणि केरसुणी कोपऱ्यात उभी राहिली. तेव्हापासून प्रज्ञा अकोल्याला आली की मुक्काम माझ्याकडं. बाप अंगणात खुर्ची टाकून बसतो, लेक माझ्या ओट्यावर, आणि मधल्या भिंतीवरून दोघांच्या गप्पा. तुरुंगातल्या भेटीसुद्धा याहून बऱ्या होत असतील.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सासूबाई म्हणाल्या, तिथं आई नाही, बघणारं कोण, इथंच करू. प्रज्ञाला मनातून माहेरीच यायचं होतं. तिनं वडिलांना फोन केला तेव्हा मी तिथं होते आणि स्पीकर चालू होता.

"पप्पा, मी सातव्यात येते. आपल्याच घरी राहीन, वंदनाताईकडे नाही. पण एक जरी पाल दिसली ना, तर उलट्या पावली परत जाईन. मग बाळ इकडंच होईल, आणि तुम्ही या बघायला."

फोन ठेवून काकांनी ट्यूबलाइटकडं पाहिलं.

"सगळ्याइले काढा लागते का वंदना?"

"सगळ्यांना."

"कोळ्याले बी?"

"काका, पेस्ट कंट्रोलवाल्याले फोन करा. तासाभरात घर साफ."

"फवारून मारते थो."

"मंग?"

"पोट्टीनं घरातून काढा म्हनलं. फाशी द्या नाई म्हनलं."

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, हा माणूस नातवाचं तोंड पुण्याला जाऊन बघेल, पण पालीला नोटीस देणार नाही. पैजसुद्धा लावायला निघाले होते. नवरा शहाणा, त्यानं लावली नाही.

रविवारी सकाळी भिंतीवरून हाक आली, "वंदना, चाल. बदल्या करा लागते."

मूर्तिजापूरजवळ काकांच्या भावाचं शेत आहे आणि शेतात कापूस ठेवायची खोली. सगळ्यांची रवानगी तिथं ठरली होती. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आणि जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन आम्ही कामाला लागलो. बरणी भिंतीवर पालथी घालायची आणि मागून पुठ्ठा सरकवायचा. सांगायला सोपं. ट्यूबलाइटच्या दोघींनी आम्हाला हॉलभर नाचवलं. अनुकंपावालीनं तर आपलं शेपूट तोडून माझ्या पावलावर टाकलं. ते वळवळत होतं. मी अशी किंचाळले, की रस्त्यावरचा भाजीवाला आत डोकावला. "राजीनामा देऊन राहिली," काका शांतपणे म्हणाले आणि बरणी लावली. कोळी मात्र गुमान आत गेला. रोजंदारीवाल्याला कुठं बोलायची सोय असते?

बसमध्ये काकांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत बरण्या, झाकणांना भोकं. शेजारच्या मावशींनी विचारलं, "काय हो भाऊ, लोनचं हाय का?"

"नाई. स्टाफ आहे."

मावशींनी बरणीत पाहिलं आणि पुढच्या थांब्याची वाट न बघता मागच्या सीटवर गेल्या.

शेतातल्या खोलीत काकांनी एकेक बरणी भिंतीशी धरून उघडली. प्रत्येकीला सांगितलं, "इथं किडे लय आहेत. काई त्रास नाई." भावाला बजावलं, या खोलीत फवारा मारायचा नाही. भावानं माझ्याकडं पाहिलं. मी दारातून आभाळाकडं पाहिलं.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी म्हटलं, "झालं बाबा एकदाचं. करा आता पोरीले फोन."

"एक राहिली," काका म्हणाले.

"कोठी?"

त्यांनी हॉलमधल्या काकूंच्या फोटोकडं बोट दाखवलं. "तिच्या मागं."

मी त्या फोटोखाली बसून शेकडो कप चहा प्यायलेय. मला कधी दिसली नव्हती. मी स्टूल आणलं, बरणी आणली. काका जागचे हलले नाहीत.

"तिले पालीचं लय भेव," ते म्हणाले. "मले माहीत नाई का? पन ती गेल्यावर म्या डबा लावला. इथं बसून एकलाच जेवो. जेवता जेवता तिच्यासंग बोलो. आज वरन खारट आहे, पोरीचा फोन नाई आला, असं काईबी. एक दिवस बोललो अन् फोटोमांगून आवाज आला. च् च्. चुकचुकली ना वंदना. ती अशीच करे. म्या काई दुखलं-खुपलं सांगलं का जीभ टाळूले लावे, अन् म्हने, असू द्या, खा."

मी बरणी खाली ठेवली.

"मंग कशी हाकलू? राहू देल्ली. तिले खायले पाहिजे म्हनून लाईट चालू ठेवला. लाईटवर किडे आले, किड्याइच्या मागं दुसऱ्या आल्या. एकीले राहू देल्लं त दुसरीले कोन्या तोंडानं निंग म्हनू?"

पाल चुकचुकते आणि माणूसही चुकचुकतो. आपल्या भाषेत दोन्हीला शब्द एकच आहे, आणि इतकी वर्षं शिकवूनही मी त्याकडं कधी लक्ष दिलं नव्हतं. या माणसाच्या पालींवर मी स्टाफरूममध्ये केवढं हसवलं होतं लोकांना. मला फार वाईट वाटलं.

काका स्वतःच स्टुलावर चढले. दोन्ही हातांनी फोटो उतरवून माझ्याकडं दिला. भिंतीवर फोटोएवढा चौकोन जुन्या रंगाचा राहिला होता आणि त्यात ती बसली होती. लठ्ठ, म्हातारी. पळाली नाही. काकांनी हळूच बरणी लावली. "चाल व माय," ते म्हणाले, "पोरगी येऊन राहिली." खाली उतरून ते रडले. मीही रडले. सांगायला लाज कसली?

"हिले मूर्तिजापूरले नको. म्हातारी आहे," काका डोळे पुसत म्हणाले. "तुया घरी..."

तेव्हापासून माझ्या घरी कॉइल बंद आहे. नवऱ्याला मी सांगितलं, पर्यावरणासाठी.

प्रज्ञा आली. आधी दारात उभी राहून तिनं प्रत्येक भिंत, प्रत्येक कोपरा, ट्यूबलाइट, पडद्यांमागची जागा, सगळं बघून घेतलं. मग आत आली. काकूंचा फोटो पुसून परत लावला होता, त्याच्यासमोर हात जोडले आणि पलंगावर टेकली. पलंगाला नवी मच्छरदाणी होती. काका सारखे ती ओढून सारखी करत होते.

दुसऱ्या दिवशी मी वांग्याची भाजी घेऊन गेले. काका पोळ्या करत होते. स्वयंपाक त्यांनी नव्याने शिकायला घेतला होता आणि तो झेपत नव्हता. एका गॅसवर तवा, दुसऱ्यावर वरण. त्यांनी वरणाचा चमचा तोंडात घातला आणि सवयीनं भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "आज बी खारट झालं वाटते."

आतल्या खोलीतून, मच्छरदाणीतून, प्रज्ञा चुकचुकली. "च् च्. असू द्या पप्पा. चालते मले."

काकांच्या हातातला पोळी उलटायचा सराटा तसाच राहिला. तव्यावरची पोळी करपायला लागली, धूर निघाला. मी पुढं होऊन गॅस बंद केला, तरी ते भिंतीकडंच तोंड करून उभे होते.

"पप्पा, ऐकलं का?"

"ऐकलं व," काका म्हणाले. "अजून एकडाव म्हन."