नीलोत्पलबाबूंचा शुभध्वनी

कार्यक्रम तडीला नेणं अंगात असावं लागतं. माझ्या आहे. मी मरगदम. कोइमतूरच्या आमच्या पंप-कंपनीत कुणाचं डोहाळजेवण असो नाहीतर नव्या यंत्राची पूजा, नारळ कुणी फोडायचा इथपासून केरसुणी कुठं ठेवायची इथपर्यंत सगळं मीच ठरवते. म्हणूनच वळ्ळियम्माळ अक्कांना मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "अक्का, तुम्ही निर्धास्त या. झाडाचं पान हलणार नाही."

अक्का म्हणजे आमच्या नाचिमुत्तू साहेबांच्या पत्नी. साहेबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून अक्कांचं बोट त्यांच्या मनगटावरच असायचं. देवाच्या दिव्याची वात जपावी तशा त्या ती नाडी जपत. साहेबांना मात्र कामावर परतायचं होतं. घरी बसून त्यांनी स्वतःच्या विहिरीवरचा पंप खोलून पुन्हा जोडला होता आणि तो आता पाणी सोडून सगळं फेकत होता. शेवटी अक्कांनी अट घातली. चैत्रातल्या कार्यक्रमाला तासभर जायचं. नाडी जागेवर राहिली तर नोकरी चालू, उडाली तर राजीनामा, आणि मग जन्मभर झोपाळा.

हा कार्यक्रम साहेबांनीच सुरू केलेला. आमच्याकडे चैत्र उगवला की नवं वर्ष एकट्याचं नसतं. आमचं तमिळ वर्ष, ओमनाचं मलयाळी विशू, नीलोत्पलबाबूंचं बंगाली वर्ष, सगळी एकमेकांच्या पाठीला पाठ लावून येतात. तेव्हा ज्यानं त्यानं आपल्या घरची रीत ऑफिसात आणायची. मी आधी सगळ्यांना विचारून घेतलं. ओमना म्हणाली, ती कणी मांडणार. म्हणजे दिवा, आरसा, काकडी, बहाव्याची पिवळी फुलं असं सगळं सजवायचं आणि माणसाला डोळे झाकून त्याच्यासमोर आणायचं, वर्षाचं पहिलं दर्शन मंगल व्हावं म्हणून. मला ते गोड वाटलं. नीलोत्पलबाबू हिशेबखात्यात. त्यांची तमिळ म्हणजे खड्ड्याखड्ड्यांचा रस्ता. ते म्हणाले, "साहेब आले की मी चांगला आवाज करणार. शुभ."

गेल्या वर्षी त्यांनी तोंडानं वाजवायची पेटी आणली होती. मी मान डोलावली. इथंच चुकलं!

सकाळी सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. फक्त अरिवूचा फलक आला नव्हता. कोपऱ्यावर त्याचं छपाईचं दुकान आहे. 'साहेबांचे सुस्वागत' असा मोठा फलक, साहेबांचा हसरा फोटो घालून, त्याला चार दिवसांपूर्वी सांगितला होता. फलकाऐवजी त्यानं नुसता चौकटीतला फोटो परत पाठवला, रंग अजून वाळतोय असा निरोप देऊन. तो फोटो ओमनानं साहेबांच्या खुर्चीत ठेवला. रिकामी खुर्ची बरी दिसत नाही, असं तिचं म्हणणं. खुर्चीपुढं तिनं कणी मांडली, दिवा लावला. मग एकेका बाईचे डोळे आपल्या तळव्यांनी झाकून ती खिडकीशेजारून खुर्चीकडे आणू लागली. बाया बिचाऱ्या अडखळत, एकमेकींना धरत चालल्या होत्या.

हे मी आतून पाहत होते. बाहेरून ते कसं दिसेल, हा विचार माझ्या शहाण्या डोक्यात आला नाही.

नीलोत्पलबाबू साहेबांसाठी हार घेऊन गच्चीवर निघाले होते. साहेब येणार होते तशी पांढरी गाडी कोपऱ्यावर वळताना त्यांना खोलीच्या खिडकीतूनच दिसली. आता दोन्ही हात मोकळे हवेत. मग हार कुठं ठेवायचा? समोर खुर्चीत फोटो होता. त्यांनी हार फोटोला घातला आणि पायऱ्या चढले. पिशवीतून काढली ती पेटी नव्हती. तो शंख होता.

आता तुम्ही म्हणाल, शंखात काय वाईट? तुमच्याकडे आरतीला वाजतो, बाबूंच्या गावी नवरी उंबरा ओलांडते तेव्हा वाजतो. आमच्या गल्लीत तो वाजतो माणूस घरातून शेवटचा निघतो तेव्हा. एखाद्याचं सगळं आटोपलं, हे सांगायला आम्ही 'त्याचा शंख वाजला' एवढंच म्हणतो.

बाबूंनी तो तीनदा वाजवला. छातीत दम असलेला माणूस! आवाज चिंचेच्या झाडावरून, चहाच्या टपरीवरून, पार देवळापर्यंत गेला. पांढरी गाडी मात्र दुसऱ्याच कुणाची होती, ती सरळ निघून गेली.

मी धावत गच्चीवर जाऊन त्यांच्या ओठांवरचा शंख खाली ओढला. ते आनंदानं विचारत होते, ऐकू आला ना सगळ्यांना?

ऐकू आला होता. खाली चहावाल्यानं टपरीची फळी ओढून घेतली. समोर बसणाऱ्या फुलवाल्या रंगनायकीनं आमच्या खिडकीतून नजर टाकली. तिला दिसला हार घातलेला फोटो, तेवता दिवा आणि डोळे झाकून धडपडत चाललेल्या बाया. साहेबांच्या ऑपरेशनची बातमी गल्लीला होतीच. रंगनायकीनं टोपली उलटी केली, केस सोडले आणि रस्त्यात बसून शोकाचं गाणं धरलं. तिचं गाणं म्हणजे असं की दगडालाही पाझर फुटावा, आणि एकदा सुरू झालं की तिला कुणी थांबवत नाही.

"कोरड्या रानी तुझ्या पंपानं आलं पाणी,
आज माझ्या डोळ्यांना कुणी पंप लावला, धनी..."

मी तिला सांगायला गेले की बाई, साहेब जिवंत आहेत. तिनं मलाच गळामिठी मारली आणि म्हणाली, रड, पोरी, मनात ठेवू नकोस. मी सोडवून घ्यायला धडपडले तसं लोकांना वाटलं, हिला झटकाच आला. दोघांनी माझ्या तोंडावर पाणी मारलं, दातखीळ बसू नये म्हणून पदराचा बोळा कोंबला! गल्ली भरली. रिक्षा अडल्या. आणि त्या अडलेल्या रिक्षांपैकी एकीत साहेब आणि अक्का होते.

त्यांची ठरवलेली गाडी सुरूच झाली नव्हती. रिक्षातून उतरून दोघं गर्दीच्या मागं आले. साहेबांनी पुढच्या माणसाला विचारलं, कोण गेलं. तो मागं न बघताच म्हणाला, "पंप-कंपनीचे मोठे साहेब."

साहेबांना वाटलं, चेन्नईचे मालक गेले. त्यांनी चपला काढल्या. डोळे भरून आले. मला ते दिसत होतं, पण माझ्या तोंडात पदराचा बोळा आणि अंगावर रंगनायकी. अक्कांचं बोट मनगटावर घट्ट झालेलं मला लांबूनही कळलं. गेली नोकरी, मी मनात म्हटलं. आला झोपाळा.

रंगनायकीनं दुसरं कडवं घेतलं.

"दिवेलागणीला राजा माझ्या टोपलीशी येई,
एक नाही, दोन माळा मोगऱ्याच्या नेई..."

साहेब गोंधळले. "मालक हिच्याकडून मोगरा कधी घ्यायचे?" ते अक्कांना म्हणाले.

अक्का मोजत होत्या, पण नाडी नाही.

तेवढ्यात अरिवूचा फलक आला. जो चार दिवस वाळत नव्हता तो! वरची ओळ बदलून, 'अश्रुपूर्ण श्रद्धांजली' करून, खाली जन्ममृत्यूची सालं टाकून, काळी किनार लावून त्यानं तो अर्ध्या तासात छापला होता. चौघांनी तो उभा केला. त्यावर साहेब दिलखुलास हसत होते. खाली तेच साहेब अनवाणी, डोळे पुसत उभे होते. कुणीतरी वळून पाहिलं. मग सगळ्यांनीच. रंगनायकीचा सूर अर्ध्यावर तुटला आणि गल्ली अशी शांत झाली की चहाचं आधण ऐकू यावं.

मी डोळे मिटले. आता हृदय...

साहेबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, फलक वरपासून खालपर्यंत वाचला. "जन्मसाल चुकलंय," ते म्हणाले. "दोन वर्षांनी म्हातारा केलाय मला."

मग पाण्यानं निथळत मी सगळं सांगितलं. बाबू शंख छातीशी धरून उभे होते, एखाद्याचं मूल हातून पडल्यासारखे. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पण अक्कांचं लक्ष तिकडं नव्हतं.

"रंगनायकी," त्या म्हणाल्या, "माळा दोन?"

"दोन, अक्का. रोज."

"घरी एकच येते."

सगळी गल्ली साहेबांकडे बघू लागली. स्वतःच्या मरणानं जो माणूस हलला नव्हता तो आता घामाघूम झाला. ओमनानं पुन्हा डोळे झाकले, या वेळी स्वतःचे.

"बसमध्ये गर्दी असते, वळ्ळी," साहेब खाली बघत म्हणाले. "एक खिशात ठेवतो, एक पिशवीत. एक तरी चुरगळतेच. जी ताजी राहील ती तुला देतो. दुसरी कालव्यात सोडतो."

वाऱ्यावर रंगनायकीची सांडलेली फुलं रस्ताभर पळत होती. मग किती दिवसांनी कोण जाणे, अक्कांचं बोट त्या मनगटावरून उठलं.

"उद्यापासून बसनं जायचं नाही," त्या म्हणाल्या. "रिक्षा करा. आणि माळ एकच घ्या."

उद्यापासून! म्हणजे नोकरी चालू! हा शब्द फार कुणाच्या ध्यानात आला नाही. बाबूंना तो कळला असावा, कारण त्यांनी नकळत शंख ओठांपर्यंत नेला. तिघांनी मिळून त्यांचा हात धरला.

साहेब रोज येतात. फलक काढू देत नाहीत, फोटो चांगला आलाय म्हणतात. जन्मसाल तेवढं दुरुस्त करून घेतलंय. त्यामुळे बाहेरगावचे ग्राहक येता-जाता फलक बघतात आणि मग हळव्या आवाजात फोन करतात. मी आपली सवयीनं सांगते, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

परवा पलीकडून कुणीतरी दबकत विचारलं, "कुणाबरोबर?"