सिरिमान शिवी परत करत नाही

सिरिमान कैताने मंगळवारी शिवीच्या बदल्यात आशीर्वाद दिला आणि सेगू शहरातल्या त्याच्या गल्लीत हलकल्लोळ माजला.

झालं असं, की न्यांकोरो कुलिबाली नेहमीसारखा त्याच्या दारावरून चालला होता. कुलिबाली आणि कैता या घराण्यांतली माणसं समोरासमोर आली की एकमेकांचा उद्धार करणार, हे पूर्वजांनीच ठरवून ठेवलेलं. राग धरायचा नाही आणि उत्तर चुकवायचं नाही. न्यांकोरोने आरोळी ठोकली, "काय रे चवळीखाऊ! आज किती पातेली रिकामी केलीस?"

यावर सिरिमानचं तीस वर्षांचं ठरलेलं उत्तर होतं, "तुझ्या बापाने चोरलेली सगळी!" त्या दिवशी मात्र तो छातीला हात लावून म्हणाला, "सगळं क्षेम आहे. देव तुमचं भलं करो."

'तुमचं' ऐकून न्यांकोरोला घाम फुटला.

खरी गोष्ट साधी होती. जन्मभर बाजरीच्या गिरणीशेजारी उभं राहून सिरिमानचे कान गेले होते. डावा पुरता, उजवा अर्धा. चारचौघांत "काय? काय म्हणालास?" करायची त्याला इतकी लाज वाटे, की त्याने चहाच्या अड्ड्यावर जाणंच सोडलं. कुणाचे ओठ हलले की तो क्षेम सांगे, आणि सेगूत निम्मं बोलणं तेच असल्यामुळे दोन वर्षं खपून गेलं. न्यांकोरोची शिवी ठरलेली, म्हणून तिथेही निभावलं. पण मंगळवारी धुळीचा वारा सुटला होता. न्यांकोरोने तोंडाला फडकं गुंडाळलेलं. सिरिमानला वाटलं, कुणी वाटसरू आहे.

रोज दुपारी तो भिंतीवरून अड्ड्यावरची हसणारी तोंडं बघे आणि आत येऊन पडून राही. बायकोला, असेतूला, ते बघवत नसे. पण कुणाला सांगायचं नाही, अशी त्याने तिला शपथ घातली होती.

बुधवारी, वारा तसाच असताना, न्यांकोरोने त्याला गाढवाचं शेपूट म्हणून पाहिलं. "देव दीर्घायुष्य देवो," सिरिमान म्हणाला. गुरुवारी बातमी पसरली, की कैतांनी नातं तोडलं. बाजारात कुलिबालींच्या कांदेवालीने कैतांच्या सुनेला 'ताई' म्हटलं आणि वजन बरोबर घातलं. सून रडत घरी आली.

शुक्रवारी तंटे मिटवणारा म्हातारा भाट बुरामा, न्यांकोरो आणि चार वडीलधारे, माफी मागताना द्यायची दहा कडू कोला फळं घेऊन सिरिमानच्या अंगणात आले. न्यांकोरोने तोंडावरच्या फडक्यातूनच, मान खाली घालून माफी मागितली. काय चुकलं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने सगळ्याचीच मागितली.

सिरिमानने त्या उतरलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि हात जोडले. "फार वाईट झालं. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो."

"कुणाच्या?" बुरामा दचकला.

"माझ्याच!" न्यांकोरो ओरडला. "हा मला मेलेला धरतोय!"

असेतूचा धीर सुटला. "अहो भाऊजी, त्यांना ऐकूच येत नाही हो! डावा कान पुरता गेलाय, उजवा अर्धा. दोन वर्षं झाली!"

सगळे सिरिमानकडे वळले. चेहरे पाहूनच सिरिमानला कळलं, की बिंग फुटलं. त्याने मान खाली घातली.

न्यांकोरोने स्टूल ओढलं, गुडघ्याला गुडघा भिडवून बसला आणि तोंडावरचं फडकं काढलं. "गाढवा," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "सांगितलं का नाहीस?"

"तू हसला असतास."

"हसलोच असतो! तुला हसायचा हक्क माझ्याशिवाय आहे कुणाला? दोन वर्षं मेल्यासारखा घरात बसलास आणि मला हसूही दिलं नाहीस!"

सिरिमानचे डोळे भरून आले. किती दिवसांनी त्याला एक अख्खं वाक्य कळलं होतं, आणि तेही शिवीसकट.

"उद्यापासून चहाला माझ्या डाव्या हाताला बसायचं, चवळीखाऊ. चांगला कान माझ्याकडे. एक शिवी वाया जाता कामा नये."

बुरामाने सुस्कारा सोडला. "चला, म्हणजे भांडण नव्हतंच." तो कोला गोळा करू लागला.

सिरिमानने त्याच्या हातावर हात ठेवला. "हे कशाबद्दल आणलंय?"

"माफीबद्दल," असेतू त्याच्या उजव्या कानाशी ओरडली. "भाऊजींनी आल्याआल्या मागितली."

"अस्सं?" सिरिमानने एक फळ फोडून तोंडात टाकलं आणि निवांत टेकून बसला. "मला नाही ऐकू आली. पुन्हा माग रे, तुझ्या बापाने चवळी कुठून चोरली तेही सांग. आणि मोठ्यानं, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ दे."