महाराजांची झोप आणि वानराची ओरड

मी नको म्हणत होतो. पण शाळेच्या बाई दारात ठाण मांडून बसल्या. म्हणाल्या, "आजोबा, मुलांना एक बोधाची गोष्ट सांगा." मला आजवर कुणी बोध दिला नाही, मी तो कुठून आणू? पण बाई उठेनात. तेव्हा बसा गप्प, नाकं पुसा आणि ऐका.

एका जंगलात, जिथे अजून शहाणी जनावरं फार झाली नव्हती, तिथे पाणवठ्यावरच्या उंबरावर एक वानर राहायचा. नाव काळतोंड्या. त्याचं काम एकच. खाली चितळं पाणी प्यायला आली की वरून नजर ठेवायची. बिबट्या दिसला की ओरडायचं. खाता खाता अर्धी उंबरं खाली पडायची, ती चितळांची. असा जुना करार होता. कुणी लिहिला नव्हता, म्हणून पाळला जायचा.

ठिपकी नावाच्या हरिणीला नुकतंच पाडस झालं होतं. ते उंबराखाली तोंड वर करून उभं राहायचं. काळतोंड्या त्याच्यासाठी मुद्दाम पिकलेलं उंबर टाकायचा. वर म्हणायचा, "चुकून पडलं रे."

आता या जंगलाला एक राजा होता. सिंह. तोही हरणं खायचा, पण त्याला राजकाज म्हणत. त्याचा हुकूम होता की दुपारी महाराज झोपले असताना कुणी ब्र काढायचा नाही.

मग दुपारीच बिबट्या आला तर?

तर काळतोंड्या ओरडायचा. चितळं पळायची. महाराज दचकून उठायचे. काळतोंड्या अर्ध्या झाडापर्यंत खाली यायचा, कान धरायचा आणि म्हणायचा, "चुकलं महाराज."

महाराज म्हणायचे, "मर मेल्या." आणि कूस बदलून झोपायचे.

वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. कुणाचं अडलं नव्हतं. पण न अडलेलं दिसलं की प्रधानाच्या पोटात दुखतं. प्रधान कोल्हा होता. तो म्हणाला, "महाराज, हुकूमही आहे आणि तो रोज मोडतोही. बाहेरच्या जंगलात हसतात आपल्याला." आणि त्याने एक पंडित आणला.

पंडित म्हणजे साळिंदर. कर्तव्याचं गणित शिकून आलेला. त्याने अंगाचा एक काटा उपटला आणि वाळूत 'क' काढला.

"क म्हणजे ओरडणे. वानरराव, बिबट्या दिसल्यावर क करणं तुमचं कर्तव्य?"

"हो."

"महाराज झोपल्यावर क न करणं तुमचं कर्तव्य?"

"हो की."

"दोन्ही एकदम आलं तर?"

"तर ओरडतो आणि माफी मागतो," काळतोंड्या म्हणाला.

साळिंदर हसला. "माफी माझ्या गणितात बसत नाही."

"पण माझं लेकरू वाचतं ना!" ठिपकी म्हणाली.

"बाई, लेकरू वाचणं हा पुरावा नव्हे." साळिंदर महाराजांकडे वळला. "महाराज, दोन उलटी कर्तव्यं एकदम खरी मानली, तर त्यातून वाटेल ते सिद्ध करता येतं. उद्या मी सिद्ध करीन की महाराजांनी गवत खाणं हे महाराजांचं कर्तव्य आहे."

महाराज ताडकन उठून बसले. "काय खाणं?"

"गवत."

"पुसा! ते आत्ताच्या आत्ता पुसा!"

मग उपाय निघाला. ज्याचा हुकूम मोठा त्याचं कर्तव्य खरं, धाकट्याचं त्या वेळेपुरतं रद्द. म्हणजे महाराज झोपले की काळतोंड्याचं ओरडण्याचं कर्तव्यच उरत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. कळलं कुणालाच नव्हतं, पण गवताची भीती सगळ्यांनी महाराजांच्या तोंडावर पाहिली होती.

दुसऱ्याच दुपारी कारवीच्या झुडपात बिबट्याचं ठिपक्यांचं कातडं हललं.

काळतोंड्याला दिसलं. ओरड त्याच्या गळ्यापर्यंत आली. खाली पाडस तोंड वर करून उंबराची वाट बघत होतं. पलीकडे महाराज घोरत होते. काळतोंड्याने बुंध्याशी बसलेल्या साळिंदराकडे पाहिलं आणि कुजबुजला, "पंडितजी, आता?"

"थांब, मांडून बघतो," साळिंदर म्हणाला आणि काटा उपटू लागला.

काटा निघेपर्यंत पाडस गेलं होतं.

ठिपकी उंबराखाली आली. तिने विचारलं, "चुकलं कुणाचं?"

"कुणाचंच नाही," साळिंदर खुशीत म्हणाला. "वानर गप्प बसला, नियमाने. बिबट्यानेही आवाज केला नाही. महाराजांची झोप शाबूत. बाई, असं स्वच्छ उत्तर क्वचित येतं."

काळतोंड्या अर्ध्या झाडापर्यंत खाली आला. त्याचा हात कानाकडे गेला.

"खबरदार!" साळिंदर ओरडला. "माफी मागितलीस की तुझं चुकलं असं ठरेल. म्हणजे ओरडणं तुझं कर्तव्य होतं असं ठरेल. म्हणजे पुन्हा दोन्ही कर्तव्यं खरी, आणि म्हणजे महाराजांना..."

"हात खाली घे, माकडा!" त्या ओरडण्याने जागे झालेले महाराज गरजले.

हात खाली आला. ठिपकी एका शब्दासाठी उभी होती. तो आला नाही, तेव्हा ती निघाली. तिच्या मागून सगळी चितळं निघाली, डोंगरापलीकडे. उंबराखाली उंबरं सडू लागली.

पुढच्या अमावस्येला महाराज नदीकाठी मान खाली घालून उभे होते. पोटात भूक होती आणि समोर हिरवंगार गवत होतं. ते काय करत होते, हे मी सांगणार नाही. साळिंदर मात्र पुन्हा पुन्हा मांडून बघत होता. गणित बरोबरच येत होतं.

तात्पर्य : मुलांनो, कुणाचा जीव जात असेल तर आधी आपलं कर्तव्य आहे का ते मांडून बघा. तोवर जीव जातो आणि प्रश्न सुटतो. आणि माफी कधीही मागू नका. मागितली की चूक आपली ठरते. हे शास्त्र न शिकताच येणारी माणसंही असतात. माझा गोठा पेटला तेव्हा खिडकीतून धूर बघणारा एक जण ग्रामसभेत होता. अध्यक्षांनी परवानगी दिल्याशिवाय मधे बोलायचं नाही, म्हणून तो हात वर करून बसून राहिला. म्हैस गेली. माफी अजून यायची आहे. माणसाचं नाव केरबा मुळीक.