भामाआत्याचे धवले आणि दोन पेट्या

विचुंब्याच्या केतनने भावकीत सांगून टाकलं होतं, "आत्या एका संध्याकाळी दोन गावांत गाईल. ते माझ्याकडे लागलं!"

भामाआत्या धवलारीण, धवले म्हणजे लग्नविधींची गाणी गाणारी. तिने धवले गायल्याशिवाय आसपासच्या गावांत नवरीला हळद लागत नसे. या खेपेला विचुंबे आणि जासई, दोन्हीकडची हळद एकाच दिवशी आली आणि आत्या दोघांनाही शब्द देऊन बसली. सोमवारचा उपास जन्मात न मोडलेली बाई. ती शब्द कसला मोडतेय! शेवटी विचुंब्यात ती स्वतः आणि जासईला तिचं रेकॉर्डिंग, असं ठरलं.

माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी एक पेटी केतनकडे होतीच. तरी त्याने आठ माइकांची आणखी एक पेटी आणली. गाणार एकटी आत्या! दोन्ही पेट्यांना जोडणारी वायर उजेडाची, म्हणजे ऑप्टिकल, टोकाला निरांजनाएवढा लाल ठिपका. आत्याने त्याला हात जोडले आणि दोन्ही पेट्यांना हळदकुंकू लावलं.

हळदीच्या आदल्या दिवशी ती गायली. झकास गायली. ऐकायला घेतलं, तर मध्येच टक्. जरा वेळाने पुन्हा टक्.

केतनने पंखा बंद केला. टक्. आत्याच्या बांगड्यांना ओला रुमाल गुंडाळला. टक्. फ्रिज बंद केला, तर नैवेद्याचं दूध नासलं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. शेवटी पालीवर संशय घेऊन तो झाडूसकट स्टुलावर चढला, तेव्हा आत्याने हळूच विचारलं, "या दोगींत पुढं कोन हाय?"

"कोण दोघी?"

"तुज्या पेट्या. आमच्यात एक पुढं बोलते, बाकीच्या तिच्या मागनं. दोगी आपापल्या ठेक्यानं निघाल्या त गानं अडखलनारच."

केतन खाली उतरला. खरंच, दोन्ही पेट्या आपापल्या चालीने चालत होत्या. आवाज नव्या पेटीतून येतो, तर चालही तिचीच धरायची, एवढंच लॅपटॉपवर निवडायचं राहिलं होतं. निवडलं, टक् गेलं. माहितीपुस्तकाची साठ पानं केतनने वाचली नव्हती आणि आत्याला ती वाचायची गरजच पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्या विचुंब्याच्या मांडवात गेली. केतन घरी चहा पीत बसला. भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच झाले होते, रेकॉर्डिंग घेऊन जासईला निघायचं सहाला. तेवढ्यात चार्जिंगला लावलेला मोबाईल वाजला. जासईहून नवरीची आई मनिषा: सात वाजले, हळद वाटून ठेवलीय, बायका खोळंबल्यात, तू आहेस कुठे?

घड्याळात सेल परत घातला होता. काटे मिळवायचे राहिले होते.

केतन धापा टाकत मांडवात पोचला. आत्या रागावली नाही. "मनिषाला फोन लाव," म्हणाली, "आनि तिकडं तो माइकापाशी धरायला सांग." केतनचा फोन तिने हळदीच्या ताटाशी ठेवला आणि धवला सुरू केला. इकडच्या बायकांनी मागून धरला. फोनातून जासईच्या बायकांनीही धरला, अर्धा श्वास उशिरा. पण मागूनच तर म्हणायचं होतं. दोन गावं मागे आणि पुढे एकटी आत्या! दोन्हीकडे नवरीला हळद लागली. कुठे टक् म्हणून नाही.

केतन फोनशेजारी मांडी घालून बसून राहिला. गाणं संपल्यावर आत्या त्याच्या कानाशी वाकली.

"तुजी लाल वायर बरी हाय रं. पन घरी गेलास का आदी घड्याल लाव."