तीन बटणांचा दिवा

राज्यघटनेचं मॉडेल विज्ञानाच्या चुरीबाईंकडे आलं, कारण त्यात बल्ब होता. नागरिकशास्त्राचे सर मतदारयाद्यांच्या कामावर गेलेले, संविधान दिन तोंडावर आलेला, आणि बल्ब म्हणजे विज्ञान असं मोठ्या सरांचं साधं वर्गीकरण होतं.

मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक सामंत. सिल्वासातल्या आमली भागातल्या त्या मराठी शाळेत एकच एसी होता, आणि तो रसायनं खराब होऊ नयेत म्हणून प्रयोगशाळेला मिळाला होता. पहिल्याच उन्हाळ्यात रसायनं जिन्याखाली गेली आणि सामंत सर प्रयोगशाळेत आले. प्रकाशाच्या प्रयोगांसाठी खिडक्यांना खिळ्यांनी ठोकलेले काळे पडदे त्यांना जेवणानंतर विशेष उपयोगी पडत. प्रयोगशाळा वापरायची तर मुख्याध्यापकांची परवानगी हवी, हा नियम त्यांनीच केला होता. परवानगी तेच नाकारत. नाकारल्याची तक्रार करायची, तर तीही त्यांच्याकडेच करावी लागे. दहावीची मुलं ओहमचा नियम फळ्यावर काढलेल्या ॲमीटरवर शिकत होती. खडूचा काटा बाई सांगतील तिथे थांबायचा.

"मॉडेल झकास करा, चुरीबाई. मग प्रयोगशाळेचं बघू," सामंत सर म्हणाले.

"बघू म्हणजे, सर?"

"म्हणजे किल्ली तुमच्या हातात. प्रात्यक्षिक परीक्षा होईपर्यंत मी दुसरीकडे बसेन. शब्द देतो."

रजनी चुरी मूळची केळव्याची. शब्दापेक्षा मोजमापावर तिचा विश्वास. पण परीक्षेत खडूचा काटा चालणार नव्हता, आणि दुसरं काही मोजायला हाताशी नव्हतं. तिने मॉडेल केलं.

तीन लाकडी डबे, प्रत्येकावर एक बटण. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. तिन्ही बटणं एकामागे एक, एकाच तारेवर. शेवटी बॅटरीतला बल्ब, सुरुवातीला दोन सेल. तिन्ही चालू असतील तरच उजेड. कोणतंही एक बंद केलं की अंधार.

"म्हणजे एकट्याला लावता येत नाही, पण एकट्याला विझवता येतं?" चंदाने विचारलं. ती दहावीतली. वडील राखोलीच्या कारखान्यात, आजोळ धुळ्याला. डब्यांवर पाट्या चिकटवायचं काम तिच्याकडे होतं.

"बरोबर."

"मॅडम, आपलं कायदेमंडळ कुठे बसतं?"

"दिल्लीला."

"ते देशाचं. आपलं, इथलं? मामाच्या गावाला आमदार असतो. घराबाहेर ही गर्दी असते त्याच्या."

"आपल्याकडे आमदार नसतो. केंद्रशासित प्रदेश आहे आपला. विधानसभा नाही. खासदार आहे."

चंदाने थोडा विचार केला आणि कायदेमंडळाचा डबा टेबलाच्या पार टोकाला सरकवला. "तार पुरेल ना, मॅडम?"

तार पुरली. पुरलं नाही ते सामंत सरांचं समाधान. त्यांनी मॉडेलभोवती एक फेरी मारली.

"पाहुणे मोठे साहेब आहेत. त्यांनी तीन बटणं दाबायची? हात दोन आहेत त्यांना."

"दोन बटणं मुलं दाबतील, सर. तिसरं पाहुणे."

"आणि एखाद्या कार्ट्याने मध्येच बंद केलं तर? साहेब दाबतायत, दाबतायत आणि उजेडच नाही?"

"तेच तर मॉडेल आहे, सर."

सामंत सरांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "चुरीबाई, उद्‌घाटन आहे हे. ती दोन बटणं चालू करून ठेवा आणि वर चिकटपट्टी मारा."

कायदेमंडळ आणि न्यायमंडळ चिकटपट्टीखाली गेलं. चिकटपट्टी वाईट दिसते म्हणून वर झेंडूच्या माळा आल्या. माळांमध्ये बल्ब दिसेना. "हा काजवा कुणाला दिसणार?" सर म्हणाले. त्यांना आता कार्यकारी मंडळाचं बटण दाबताच सगळं स्टेज उजळायला हवं होतं: तिरंगी माळा, दोन हॅलोजन, आणि फिरणारं अशोकचक्र. हे सगळं या बारीक तारेवर चालणार नाही, तार जळेल, असं रजनीने सांगितलं, तेव्हा सरांनी मंडपवाल्या कल्पेशला बोलावलं.

"मॅडम, टेन्शन नै लेवानुं," कल्पेश म्हणाला. "तुमचा डबा राहू दे तिथंच, शोभेला. आपण मागून डायरेक्ट देऊन टाकतो. साहेब बटण दाबेल, मी पडद्यामागून चालू करेन. कोणाला खबर नै पडे."

"फ्यूज तरी घाला मध्ये."

"फ्यूज उडला तर?" सामंत सर.

"उडण्यासाठीच असतो तो, सर."

"नको. साहेबांच्या कार्यक्रमात कुणी आडवं येता कामा नये."

"आडवं येणं हेच त्याचं काम आहे."

"चुरीबाई," सर हळू आवाजात म्हणाले, "किल्ली हवी आहे ना?"

रजनीने फ्यूजचा हट्ट सोडला. आपण तो सोडला हे तिने नीट नोंदवून घेतलं. कल्पेशने फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार पिळली.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांनी बटण दाबलं. काही झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग अंगठ्याने दाबलं. सामंत सर हसत हसत घामाघूम झाले. शिपाई गोकुळ पडद्यामागे धावला आणि तसाच परत आला. "सर, तो तं वडा खायाले गेला!"

गोकुळने कल्पेशला बखोटीला धरून आणलं. तोवर पाहुणे बटणाचा नाद सोडून पाणी पीत होते. त्यांनी पेला ओठांना लावला आणि सगळं स्टेज लखलखलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी पेल्याकडे जरा चमकून पाहिलं आणि भाषणाला उभे राहिले.

"घटनेने सत्ता कुणा एकाच्या हातात दिली नाही," ते म्हणाले. "तिघांचा तिघांवर वचक आहे." चौथं वाक्य सुरू होताना जळका वास आला. पाचव्याला पडद्याच्या कडेतून धूर आला.

"बंद करा! बंद करा!" सामंत सर ओरडले. कल्पेश अर्धा राहिलेला वडा संपवायला गेला होता. बटणाच्या सगळ्यात जवळ पाहुणेच होते. त्यांनी स्वतःच्या बोटाने कार्यकारी मंडळ बंद केलं. अशोकचक्र फिरत राहिलं.

"बाकीचं बंद कर, चंदा!" रजनी ओरडली. तिला माहीत होतं की उपयोग नाही, तरी ओरडली. चंदाने झेंडू ओरबाडला, चिकटपट्टी उपसली, न्यायमंडळ बंद केलं, टेबलाच्या टोकापर्यंत पळत जाऊन कायदेमंडळ बंद केलं. तिन्ही बंद. आणि माळा, हॅलोजन, चक्र, सगळं मजेत चालू.

मग मीटरच्या पेटीत धप्प आवाज झाला आणि अख्ख्या शाळेची वीज गेली. गोकुळने पडद्यावर वाळूची बादली ओतली. कुणाला काही लागलं नाही. पडदा, वायरिंग आणि पाहुण्यांचा पांढरा शर्ट एवढंच गेलं. मॉडेल मात्र ठणठणीत होतं. त्यातून वीज गेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सामंत सरांनी रजनीला बोलावलं, स्टाफरूममध्ये. प्रयोगशाळेत एसी बंद, आणि काळ्या पडद्यांमुळे स्वतःचा हात दिसत नव्हता.

"शाळेतल्या विजेच्या वस्तूंची जबाबदारी विज्ञान शिक्षकांची, असा नियम केला आहे," ते म्हणाले.

"कधी, सर?"

"आज. मी चौकशीही केली. तुम्ही दोषी आहात."

"मला काही सांगायचं असलं तर?"

"सांगा की. माझ्याशिवाय कोण ऐकणार तुमचं?"

रजनीने मॉडेलमधले तीन डबे आठवले. तिने उगाच तीन केले होते. एक पुरला असता.

"किल्लीचं काय, सर?"

"किल्ली!" सर हसले. "घ्या, हीच शिक्षा. लाइट येईपर्यंत मी इथे बसणार, खिडकीशी. तुम्ही दहावीला घेऊन त्या अंधाऱ्या लॅबमध्ये बसायचं. गोकुळ, किल्ली दे यांना."

गोकुळने तोंड पाडून किल्ली दिली. "मी काय करू बाई, मना हातमा काय शे?"

"हातात काही नाही, गोकुळ. किल्ली होती तेवढी."

जिन्याखालून ॲमीटर आले. काटे खरे होते, थोडे गंजलेले. बंद एसी सोडला तर खोली पुन्हा प्रयोगशाळेसारखी दिसू लागली. चंदाने तीन डबे टेबलावर मांडले, दोन सेल जोडले. या वेळी कायदेमंडळ तिने जवळ घेतलं. तीन मुलींनी तीन बटणं दाबली आणि त्या काळ्या खोलीत पिटुकला बल्ब लागला. ॲमीटरचा काटा हलला. कुणीही न सांगता तो आपल्या जागी जाऊन थांबला. वर्गातून एकदम "हॉऽऽ" असा आवाज आला.

तो व्हरांड्यात ऐकू गेला. दाराच्या फटीतून उजेडही गेला असावा.

"लाइट आली वाटतं!" सामंत सरांचा आवाज. "गोकुळ! खुर्ची घे माझी. आधी एसी लाव."

पावलं जवळ आली. खुर्चीचे पाय फरशीवर खरडले. रजनी किल्ली मुठीत घट्ट धरून उभी राहिली. तिच्या विषयात यावर उपाय नव्हता.

दार उघडलं, आणि त्याच क्षणी टिक्‌ असा बारीकसा आवाज झाला. मिट्ट काळोख.

"गेली, सर," अंधारातून चंदा म्हणाली.

सामंत सर उंबऱ्यावरूनच काळोखाला चार शब्द सुनावून म्हणाले, "गोकुळ, फिरव खुर्ची."

खुर्ची खरडत लांब गेली. रजनीने हळूच विचारलं, "कोणतं बंद केलंस गं?"

"काय माहीत, मॅडम. हाताशी होतं ते."

दारातून गोकुळचं डोकं आत आलं. "बाई, वायरमन सांगी गया. मंगळवारी येईन लाइट."

म्हणजे मंगळवारी एसीही येईल. रजनीने मनात उरलेले प्रयोग मोजले आणि उरलेले दिवस मोजले. प्रयोग जास्त होते.

"दाराशी एकीला उभी करा," ती म्हणाली. "आणि लावा परत. तिघींनी."