बनसोडेंच्या चार साक्षी

आमच्या रहाटणीच्या सोसायटीत लिफ्टचं बटण दाबण्याआधी विश्वास बनसोडे दाराला कान लावतात. मग फटीतून वास घेतात, मग वॉचमनचा चेहरा बघतात आणि विचारतात, "काल कोण अडकलं होतं?" एवढं झाल्यावर सांगतात, "चाळीस टक्के बंद पडेल." आणि त्याच लिफ्टने वर जातात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "साठ टक्के चालेल की."

बनसोडे आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. वडील आकुर्डीला कारखान्यात कामगार होते. हे शिकून डॉक्टर झाले, पण इंजेक्शनवाले नाहीत, पीएचडीवाले. माण गावातल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा अभ्यास करतात. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ तपासली की जनुकांत काय बिघडलंय, त्यातली कुठली जागी आणि कुठली झोपलेली, प्रथिनं काय करतायत, अशी नाना तऱ्हेची माहिती निघते. ती सगळी एकत्र मांडून गाठ पुढे कशी वागेल, कुठल्या औषधाला दाद देईल, याचा अंदाज हे बांधतात. "एका साक्षीवर निकाल नाही," हे त्यांचं पालुपद. "जनुकं एक सांगतात, प्रथिनं भलतंच. चार साक्षीदार एका सुरात बोलले तर ऐकायचं."

ऑफिसात खुशाल ऐका. पण हे बाजारातही साक्षीदार उभे करतात. कलिंगड वाजवणार, देठ बघणार, खालचा पिवळा डाग बघणार, हातावर तोलणार. एकदा कलिंगडवाला वैतागून म्हणाला, "साहेब, पोरगी बघायला आलाय का?"

बनसोडे गंभीरपणे म्हणाले, "तेव्हा इतकं बघितलं नव्हतं."

माझं आणि त्यांचं वाकडं आलं ते टेम्पोवरून. चाकणला माझं पत्र्याचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप आहे. कुणाच्या बापाच्या मदतीशिवाय उभं केलंय, घासाघीस करून करून. एक जुना टेम्पो घ्यायचा होता. इंजिन धूर मारतंय, टायर गेलेत, असं म्हणत मी मालकाला रडकुंडीला आणला होता. सोबत बनसोडेंना नेलं होतं. शिकलेला माणूस दिसला की समोरचा दबतो. हे टेम्पोखाली शिरले, तेल बोटावर चोळून पाहिलं, धुराचा रंग पाहिला, क्लच दाबला आणि मालकालाच म्हणाले, "चारही साक्षी चांगल्या आहेत. तुम्ही फार कमी सांगताय."

मालकाने तिथल्या तिथे भाव चढवला. परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यांना ते कळलंही नाही. ते कुठल्याशा प्रथिनाबद्दल सांगत राहिले.

तो राग मी अजून सोडलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला मऊ समजू नये.

माझे थोरले भाऊ अण्णा चाकणजवळ आमच्या गावी राहतात. बैलगाडा शर्यत हा त्यांचा देव. शर्यतीच्या धावपट्टीला आमच्याकडे घाट म्हणतात. दर चैत्रात यात्रेला त्या घाटावर अण्णांची जागा ठरलेली. गेल्या वर्षी ते माझ्याकडे जेवायला आले, बनसोडेही होते. अण्णांनी अर्ध्या भाकरीवर हात धुतला. बनसोडे त्यांच्याकडे बघतच राहिले आणि माझ्या बायकोसमोर, आमटीच्या वाटीवरून, विचारते झाले, "अण्णा, शौचाला रक्त पडतं?"

"मूळव्याध हाय जुनी," अण्णा म्हणाले.

"आज लिफ्ट बंद, तर जिना चढताना धाप लागली. नखं पांढरी पडलीत. पट्टा दोन भोकं आत गेलाय. आणि वर रक्त. चार झाल्या."

"बनसोडे, लोक जेवतायत," मी म्हणालो.

"उद्या तपासून घ्या," ते म्हणाले आणि आणखी आमटी वाढून घेतली.

मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, गाठीच्या तपासण्यांचे रिपोर्ट आले. अण्णांचं एकच चालू, "पुढच्या चैत्रात घाटावर असन का न्हाई?" डॉक्टर म्हणत, बघू. 'बघू' हा शब्द मी धंद्यात ऐकून घेत नाही. रिपोर्टांची फाईल उचलली आणि समोरचं दार वाजवलं.

"आकडा सांगा."

त्यांनी सगळे कागद वाचले. परत वाचले. "नाही सांगणार."

"लिफ्टचा सांगता."

"लिफ्टला ऐकू येत नाही."

"बरं, नव्वद म्हणा," मी सुरुवात केली.

"अहो, हा भाव नाही."

"ऐंशी. शेजारधर्म म्हणून."

"आमचा आकडा शेकडो माणसांचा मिळून असतो. त्या गर्दीत अण्णा कुठे उभे आहेत, ते त्यात दिसत नाही."

"पंचाहत्तर. याच्या खाली मी येणार नाही," मी म्हणालो. समोरचा काही मागत नव्हता आणि मी आपला एकटाच उतरत चाललो होतो.

बनसोडेंनी फाईल मिटली. "एकदा सांगितला होता. घरातच," ते म्हणाले. "बायकोलाही हेच झालं होतं. तिने हट्ट धरला, तुझंच काम आहे ना, मग सांग. आकडा बरोबर निघाला. पण त्या दिवसापासून ती त्या आकड्याशीच बोलत राहिली. माझ्याशी बोलायचं राहून गेलं."

टेम्पोचा विषय काढायला ती वेळ बरी नव्हती. मी घरी आलो.

रविवारी मी गावाला निघालो तर बनसोडे न विचारताच गाडीत येऊन बसले. अण्णा ओट्यावर होते. त्यांनी नमस्कारही होऊ दिला नाही.

"सर, तुमी लई अचूक आकडं सांगता म्हनं. चैत्रात मी घाटावर असन का?"

बनसोडेंनी नखांकडे पाहिलं नाही, पट्ट्याकडे पाहिलं नाही.

"अण्णा, मी शर्यत कधी बघितली नाही. बुटका माणूस, गर्दीत काही दिसत नाही. चैत्रात तुमच्या शेजारी माझी जागा धराल का?"

अण्णांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्होरंच बसवावं लागंल तुमाला," ते म्हणाले. "सकाळी लवकर या. उन्हाचा लई चटका असतो, टोपी आना."

"आणतो."

परत येताना गाडीत मी विचारलं, "कुठल्या साक्षीवर बोललात हे?"

"टोपी घ्यायला तुम्ही चला बरोबर," बनसोडे म्हणाले. "मला भाव करता येत नाही."