आपा मेस्त्रींची डिकी

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता अडुसष्ट वर्षांचे आपा मेस्त्री स्वतःच्या गाडीच्या डिकीत शिरले, गुडघे पोटाशी घेतले आणि मला म्हणाले, "लाव झाकाण!"

मी झाकण लावले.

आपा माझे शेजारी. मालवणच्या जेटीवर त्यांनी चाळीस वर्षे मच्छीमारांच्या लाँचची इंजिने दुरुस्त केली. लग्न केले नाही. घरात ते एकटे आणि अंगणात एकवीस वर्षांची आकाशी गाडी. माणसांच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नाही. "मीटर खोटा बोलणा नाय, माणूस बोलता," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. ताप आला तरी ते कपाळाला हात लावू देत नाहीत. थर्मामीटर मागतात आणि आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवतात.

पलीकडच्या घरातल्या सुलभाकाकींची मुलगी रश्मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दवाखाना कुडाळला, पाऊण तासाच्या अंतरावर. वाडीत दुसरी गाडी नाही. रश्मी आली त्याच दिवशी आपांनी जाहीर केले होते, "रिक्षा नको, काय नको. पोरीक मी न्हेतलंय." आणि त्यानंतरच्याच आठवड्यात गाडी दर तिसऱ्या सकाळी मुकी होऊ लागली. किल्ली फिरवली की नुसते कट् असा आवाज. नवी बॅटरी बसवली. तिसऱ्या सकाळी तीही संपली. रश्मीचे दिवस भरत आले होते.

"आपानू, देवाक एक नारळ ठेवया," सुलभाकाकी म्हणाल्या.

"ठेव. पण नारळ ठेवलंस म्हणान करंट खंय जाता ता कळात?"

रविवारी तपास सुरू झाला. आपांनी बॅटरीची मायनसची वायर सोडवली आणि मधे मीटर जोडले. गाडी बंद, किल्ली खिशात, दारे लावलेली, तरी मीटरवर आकडा आला : शून्य पूर्णांक बेचाळीस अँपिअर. "पाच शतांशाच्या खाली होयो," आपा म्हणाले. "कोण तरी गुपचूप खाता हा." त्यांच्या डोळ्यांत, गळ टाकून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत दोरी हलल्यावर येते, तशी चमक आली. मला वही दिली आणि फ्यूजचे आकडे लिहायला बसवले.

फ्यूजची पेटी स्टिअरिंगखाली. दार उघडले की आतला दिवा लागतो आणि मोजणी बिघडते. म्हणून आपा खिडकीतून आत गेले. कमरेपर्यंत आत, पाय बाहेर. एकेक फ्यूज काढून ते ओरडत, "आता?" मी मीटर बघून सांगे, "बेचाळीस." सहा वेळा बेचाळीस झाले. सुलभाकाकी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

"रश्मी, भायर ये गो! गाडयेन आपांका गिळल्यान, नुसते पाय उरले!"

रश्मी पोट सांभाळत आली आणि हसता हसता पायरीवर बसली. आतून आवाज आला, "तिका हसवा नको! आता?"

"तीन!" मी म्हणालो. बेचाळीसवरून एकदम तीन शतांश.

आपांचे पाय हवेत उडाले. "गावलो! चोर गावलो!" बाहेर येताना त्यांचे डोके दोनदा आपटले. त्यांना ते कळले नाही.

त्या फ्यूजवर आतला दिवा, घड्याळ आणि डिकीतला दिवा, एवढेच होते. आतला दिवा बंद दिसत होता. घड्याळ एवढे खात नाही. राहिला डिकीतला पाच वॅटचा दिवा. पण झाकण उघडले की तो लागणारच. झाकण लावल्यावर तो विझतो की नाही, हे कळायचे कसे? तोवर अंधारून आले, म्हणून तपास सोमवारवर गेला.

सोमवारी मी मोबाइलवर चित्रण सुरू करून तो आत ठेवायला सुचवले.

"मोबाइलाक डोळे आसत. अक्कल खंय आसा?"

"मग दिवोच काढून टाकलास तर?" सुलभाकाकी म्हणाल्या.

"दुखणा कळल्याशिवाय दात उपटतंस काय गो?"

असे आपा डिकीत गेले. दिवा विझला तर एक ठोका, जळत राहिला तर दोन, असे ठरले होते. प्रत्यक्षात अकरा ठोके पडले. मी झाकण उघडले. आपांच्या केसांत गवत होते आणि हातात गवताची एक गच्च गुंडाळी. झाकण लागले की दिवा विझवणारे बटण त्या गवताने अडून राहिले होते.

डिकीत गवत का, हे सुलभाकाकींनी विचारले. आपांनी आधी केसांतले गवत झटकले. मग सांगितले. विजयदुर्गाहून त्यांच्या बहिणीने रश्मीसाठी हापूस पाठवले होते. घरात आढी घातली तर उंदीर खातात. डिकीत उंदीर जात नाहीत आणि ऊबही चांगली. म्हणून त्यांनी डिकीच्या कोपऱ्यात गवत पसरून, वर गोणपाट टाकून आंब्यांची आढी घातली होती. रोज दोन पिकलेले आंबे रश्मीकडे जात होते.

"म्हणजे बॅटरी माझ्या चेडवान खाल्ल्यान!" सुलभाकाकी म्हणाल्या.

"तिणा नाय. माझ्या आढयेन," आपा म्हणाले आणि उरलेले आंबे स्वतःच टोपलीत काढू लागले.

गवत काढल्यावर मीटरने तीन शतांश दाखवले. मंगळवार, बुधवार, गुरुवार गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. प्रत्येक सकाळी सात वाजता आपांनी बॅटरीचे व्होल्ट मोजून आकडा भिंतीवर लिहिला.

शुक्रवारी सकाळी सव्वाआठ वाजता रश्मीला कळा सुरू झाल्या. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. मागे रश्मी आणि सुलभाकाकी, पुढे मी. नऊ वाजून पाच मिनिटांनी आम्ही कुडाळला दवाखान्यात पोहोचलो. रश्मीला आत नेले.

आपांनी इंजिन बंद केले नाही.

दवाखान्याच्या रखवालदाराने दोनदा येऊन सांगितले, "काका, गाडी बंद करा."

"फुडे न्हेवचा लागला तर?" आपा म्हणाले. "मोठ्या हॉस्पिटलात न्हेवा म्हणान सांगितल्यानी तर? तेव्हा गाडी चालू झाली नाय तर?"

रखवालदाराने गाडी फाटकाबाहेर सावलीत लावायला सांगितली. आपांनी ती तशीच चालू ठेवून बाहेर नेली. मी चहा आणला. तो त्यांनी सीटवर बसूनच घेतला.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी सुलभाकाकी फाटकापर्यंत आल्या.

"आपानू, चेडू झाला, माका नात झाली. दोघांय बरी आसत."

"डॉक्टरान सांगितल्यान?"

"डॉक्टरानच."

बारा वाजून एकेचाळीस मिनिटांनी आपांनी इंजिन बंद केले.